राजहंसगड ते लोंढा: पाठीवरच्या स्टोव्हची पारख

दिवस पहिला: बेळगाव, येळ्ळूर, राजहंसगड

खानापूरच्या पश्चिमेकडच्या रानात चार-पाच दिवस पायी हिंडायचं, तर स्टोव्ह कुठला घ्यायचा हे बेळगावच्या बाजारातच ठरवावं लागतं. एकदा जांबोटी मागे पडली की पुढे इंधन मिळेलच याची खात्री धरता येत नाही. म्हणून बर्नर कितीही देखणा असला तरी आधी त्याचं इंधन इथे मिळतं का ते बघायचं.

बाजारात सहज मिळतो तो लांबट, स्प्रेच्या डब्यासारखा बुटेनचा कॅन, सव्वादोनशे ग्रॅम गॅसचा. स्क्रूच्या तोंडाचा बसका, घुमटाकार डबा ट्रेकिंगचं सामान विकणाऱ्यांकडेच मिळतो आणि महागही पडतो. पॉलिशचं स्पिरिट रंगाच्या आणि हार्डवेअरच्या दुकानांत मिळतं. मात्र त्यात पाणी मिसळलेलं नाही ना, हे पाहून घ्यायला हवं. चमचाभर स्पिरिट स्टीलच्या वाटीत ओतून मोकळ्या जागी पेटवायचं. विझल्यावर तळाशी पाण्याचे थेंब फार उरले तर ते घेऊ नये. रेशनचं रॉकेल आता गावोगाव मिळत नाही, आणि पेट्रोलपंपावर सुट्या बाटलीत पेट्रोल देत नाहीत. इंधनाची ही सारी ने-आण स्वतःच्या वाहनानेच करावी लागते, कारण बसमध्ये आणि रेल्वेत ज्वलनशील वस्तूंना बंदी आहे.

या विषयावरचं बहुतेक लिखाण अमेरिकेतलं. रॉकी पर्वतात थंडीत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जाणारे लोक पाकिटातल्या सुकवलेल्या जेवणात उकळतं पाणी ओततात, त्यामुळे अर्धा लिटर पाणी किती सेकंदांत उकळतं यावरच तिथे स्टोव्हची सारी परीक्षा होते. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे बंदुकीचा प्रश्नच नाही. पण रानातली पायपीट तीच, पाठीवरचं ओझं तेच. फरक आहे तो जेवणात. आपल्याला चहा उकळायचा असतो, पोहे परतायचे असतात, खिचडी मऊ शिजवायची असते. नुसतं पाणी उकळणारा स्टोव्ह आणि स्वयंपाक करणारा स्टोव्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक पाहिला नाही तर महागडा बर्नर घेऊनही करपलेला भात खायची वेळ येते.

निघण्यापूर्वी वजन करायचं ते एकट्या बर्नरचं नाही. बर्नर, भरलेला डबा, वाऱ्याचा आडोसा आणि भांडं हे सगळं एकत्र तराजूवर ठेवायचं. एमएसआर पॉकेट रॉकेट २ हा स्क्रूचा बर्नर ७३ ग्रॅमचा आहे, पण २२७ ग्रॅम गॅसचा डबा लोखंडासकट पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे दोघांच्या चार दिवसांसाठी साडेचारशे ग्रॅम. हातभर पत्रा आणि सोडावॉटरच्या डब्यातून केलेला स्पिरिटचा बर्नर आडोशासकट चाळीस ग्रॅमही होत नाही, पण तेवढ्याच दिवसांना अर्धा लिटर स्पिरिट लागतं. स्पिरिटचं वजन ४०० ग्रॅमच्या आसपास, वर बाटली, म्हणजे बेरीज पुन्हा साडेचारशेच्या आसपासच. दोन दिवसांच्या फेरीला स्पिरिट हलकं, चार दिवसांना दोन्ही सारखेच, पाचच्या पुढे गॅस हलका. कारण साधं आहे. किलोमागे गॅसमध्ये ४६ मेगाज्यूलच्या आसपास उष्णता असते, इथेनॉलमध्ये २७.

संध्याकाळी येळ्ळूरहून राजहंसगडावर. वर सिद्धेश्वराचं मंदिर आहे, चहूकडे मोकळं पठार, आणि वारा. स्टोव्हची पारख करायला बेळगाव परिसरात याहून चांगली जागा नाही. वाऱ्यात दोन गोष्टी होतात. ज्योत भांड्याच्या तळाखालून बाजूला ढकलली जाते आणि तापलेलं भांडं बाहेरून निवत राहतं. उंच दांड्यांचा, उघड्या डोक्याचा बर्नर इथे सपशेल हरतो. घरात साडेतीन-चार मिनिटांत लिटरभर पाणी उकळणारा बर्नर इथे त्याच्या दुप्पट वेळ घेतो आणि गॅसही दुप्पट खातो. ज्यांच्या बर्नरचं डोकं वाटीसारखं खोल आहे आणि भांडं ज्योतीच्या अगदी जवळ बसतं, त्यांचं नुकसान बरंच कमी होतं.

इथे एक धोका नीट समजून घ्यावा. बर्नर थेट डब्याच्या डोक्यावर बसत असेल तर पत्र्याच्या आडोशाने चारही बाजू कधीही बंद करू नयेत. आडोसा उष्णता परत डब्याकडे फेकतो, डब्यातला दाब चढतो आणि डबा फुटू शकतो. आडोसा फक्त वाऱ्याच्या अंगाला, अर्धगोल, डब्यापासून चार बोटं लांब. दर दोन मिनिटांनी डब्याला हात लावून पाहायचं. हात ठेवता येत नसेल तर लगेच बंद. सॅकचा आडोसा केला तर ती ज्योतीपासून हातभर दूर हवी, नायलॉन वितळायला वेळ लागत नाही. गडावरच्या पडक्या तटाच्या कोपऱ्यात, वाऱ्याकडे पाठ करून, जमिनीलगत स्टोव्ह मांडणं हा सगळ्यात चांगला उपाय, आणि त्याला वजनही नाही.

दिवस दुसरा: जांबोटी, कणकुंबी

कणकुंबीला माउली मंदिराजवळ मलप्रभेचा उगम आहे, समुद्रसपाटीपासून ७९२ मीटर. या उंचीवर पाणी सुमारे ९७ अंशांना उकळतं. तांदळाला दोन-तीन मिनिटं जास्त, एवढाच त्याचा परिणाम. डाळीला मात्र जाणवतो, म्हणून डाळ भिजवल्याशिवाय रानात न्यायची नाही. झऱ्याचं पाणी पिण्यासाठी खळखळून एक मिनिट उकळलं की या उंचीला पुरतं. दहा मिनिटं उकळत ठेवणं म्हणजे नुसता गॅस जाळणं.

मुक्काम कुठेही असो, चूल मांडण्यापूर्वी परवानगी. गावात पहिलं घर लागेल तिथे 'मावशी, अंगणात जरा चहा करून घेऊ का?' एवढं विचारावं. देवळाच्या मंडपात गॅस पेटवू नये. या भागात डिसेंबरनंतर गवत वाळायला लागतं आणि मार्च-एप्रिलला सागाच्या, ऐनाच्या पानांचा थर घोट्यापर्यंत येतो. स्टोव्हभोवती मीटरभर जागा झाडून माती उघडी करायची आणि बाजूला पाण्याची बाटली ठेवायची.

रात्रीची खिचडी हीच सगळ्या स्टोव्हची खरी परीक्षा. दोघांसाठी मापं अशी: दीडशे ग्रॅम तांदूळ, पाऊणशे ग्रॅम मुगाची डाळ, सातशे ते साडेसातशे मिलिलिटर पाणी, मीठ, हळद, तूप. तांदूळ-डाळ अर्धा तास भिजवलेली. आधी मोठ्या आचेवर उकळी, मग झाकण ठेवून सात-आठ मिनिटं मंद आच. पुढे विझवून भांडं टॉवेलात आणि वर स्लीपिंग मॅटच्या तुकड्यात गुंडाळून वीस-पंचवीस मिनिटं तसंच ठेवायचं. गुंडाळण्याने मंद आचेचा अर्धा वेळ वाचतो. सगळं धरून अठरा-वीस ग्रॅम गॅस लागतो. न गुंडाळता शिजवली तर तीसच्या वर जातो.

आता कुठला बर्नर ही आच धरतो? पंचवीस ग्रॅमचे टायटॅनियमचे चिमुकले बर्नर चहाला ठीक. त्यांची ज्योत रुपयाएवढ्या जागी केंद्रित होते, त्यामुळे भांड्याच्या मधोमध करपतं आणि कडेला तांदूळ कच्चा राहतो. शिवाय मोठ्या आचेवर लालभडक तापलेले बारीक दांडे लिटरच्या वर भार आला की वाकतात. त्यांच्यावर लिटरभराहून मोठं भांडं ठेवू नये. रुंद डोक्याचा, पाऊणशे-नव्वद ग्रॅमचा बर्नर घेतला तर पन्नास ग्रॅम वाढतात आणि जेवण खाण्याजोगं होतं. हा सौदा डोळे झाकून करावा. भांडंही टायटॅनियमचं नको. टायटॅनियम उष्णता पसरवत नाही. जाड बुडाचं ॲल्युमिनियमचं पातेलं थोडं जड, पण भातासाठी तेच चांगलं. ते नसेल तर बर्नर आणि भांडं यांच्यामध्ये पातळ पत्र्याची ताटली ठेवावी. मात्र तिच्याखालचा ताप डब्याकडे परततो, म्हणून हीदेखील मंद आचेवरच.

स्पिरिटचा पितळी बर्नर, ट्रान्जिया कंपनीच्या पद्धतीचा, झाकणाची कडी अर्धी सरकवून मंद करता येतो आणि खिचडीला गॅसइतकाच छान चालतो, फक्त सावकाश. लिटरभर पाण्याला आठ-दहा मिनिटं धरा. याच्याबाबतीत एक नियम कधी मोडायचा नाही: बर्नर पेटलेला असताना किंवा गरम असताना वरून स्पिरिट ओतायचं नाही. उन्हात त्याची ज्योत दिसत नाही. विझला असं वाटतं, बाटली वाकवली जाते आणि ज्योत धारेवरून थेट बाटलीत शिरते. तळहात वीतभर उंचावर धरून आच लागत नाही याची खात्री करायची, पूर्ण थंड होऊ द्यायचा आणि मगच पुन्हा भरायचा. विझवायला झाकण वापरावं, पण रबरी कडी असलेलं स्क्रूचं झाकण गरम बर्नरवर लावू नये, रबर चिकटतं. स्पिरिट विषारी असतं, म्हणून बाटलीवर ठळक खूण करायची आणि ती पाण्याच्या बाटलीसारखी दिसता कामा नये.

दिवस तिसरा: कणकुंबीची पहाट, चोर्ल्याकडे

डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे पारा १२-१३ अंशांपर्यंत उतरतो. हिमालयाच्या मानाने ही थंडी काहीच नाही, तरीही स्टोव्हचे रुसवे इथेच दिसतात.

स्पिरिटला लायटर लावला तरी ते पेटत नाही, असं पहाटे हमखास होतं. स्पिरिट खराब झालेलं नसतं. त्याची वाफ पेट घेण्याजोगी व्हायला साधारण १३ ते १७ अंश लागतात, पाणी जास्त असेल तर त्याहून अधिक. उपाय म्हणजे रात्री बाटली पांघरुणाजवळ ठेवणं, किंवा कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून वात करणं. लायटरचा खटका दमट हवेत दगा देतो, म्हणून काडेपेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून वेगळी ठेवावी.

बाजारातल्या लांबट कॅनमध्ये बहुतेक नुसतं बुटेन असतं. ते उणे अर्ध्या अंशाला उकळतं. १२ अंशांना तसं चालतं, पण बुटेन द्रवाचा वायू होताना डब्यातलीच उष्णता ओढून घेतो. पाच-सात मिनिटं मोठी आच ठेवली की डबा हाताला गार लागतो, दाब पडतो, ज्योत बुटकी होते. डबा अर्धा रिकामा असेल तर आणखी लवकर, कारण गार व्हायला आत द्रव कमी असतो. गॅस संपला समजून डबा टाकून देणारे पुष्कळ आहेत. डबा ताटलीत कोमट पाण्यात ठेवला, हात सहज बुडवता येईल एवढ्याच कोमट, की ज्योत पुन्हा उभी राहते. उकळतं पाणी कधीही नाही. आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण असलेल्या स्क्रूच्या डब्याला हा त्रास कमी, कारण आयसोब्युटेन उणे ११.७ आणि प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतं. पण या भागासाठी त्या मिश्रणाचे जास्त पैसे द्यायची गरज नाही. ताटलीभर कोमट पाणी फुकट आहे.

लांबट कॅन वापरायचा तर दोन मार्ग. एक, लवचिक नळीचा स्टोव्ह, ज्यात डबा बाजूला आडवा पडतो. वजन अडीचशे ते चारशे ग्रॅम, पण तीन पायांवर ठाम उभा राहतो, बर्नरभोवती पूर्ण आडोसा लावता येतो कारण डबा लांब असतो, आणि चौघांचं पातेलंही सांभाळतो. राजहंसगडासारख्या जागी आणि तिघा-चौघांच्या गटाला माझ्या मते हाच सगळ्यात शहाणपणाचा स्टोव्ह. दुसरा मार्ग, स्क्रूच्या बर्नरला जोडायचा अडॅप्टर. दोन्हींत एक बारकावा सारखाच. कॅन आडवा ठेवायचा असेल तर त्याच्या कडेवरची खाच वरच्या बाजूला यायला हवी. कॅनमधली छोटी नळी त्या खाचेच्या दिशेला वळलेली असते. खाच वर असेल तर वायू येतो, खाली गेली तर द्रव येतो, आणि बर्नरवर एकदम पिवळा भडका उडतो.

जोडताना: तोंडातली रबरी कडी जागेवर आहे का बघायची, धूळ-माती पुसायची, हातानेच घट्ट करायचं, पक्कड लावायची नाही. मग साबणाच्या पाण्याचा थेंब लावून बुडबुडे येतात का पाहायचं. हे सगळं उघड्यावर. तंबूच्या आत कुठलाच स्टोव्ह पेटवू नये, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

घरच्या सिलिंडरमधून हे डबे भरून देणारे भेटतात. त्यांच्याकडे जाऊ नये. घरगुती गॅसमध्ये प्रोपेन असतं, त्याचा दाब बुटेनच्या कित्येक पट, आणि हा पातळ पत्रा तेवढ्या दाबासाठी केलेलाच नसतो.

चोर्ला घाटाकडे दिवसभर चालताना दुपारच्या थांब्याला हेक्झामिन या घन इंधनाच्या वड्या बऱ्या. चौदा ग्रॅमची एक वडी बारा मिनिटांच्या आसपास जळते आणि आडोसा नीट असेल तर अर्धा लिटर पाण्याला उकळी आणते. वास उग्र, भांड्याला चिकट काजळी, स्वयंपाक अशक्य. पण खिशात मावतात आणि सांडत नाहीत. अडीअडचणीला चार वड्या सॅकच्या तळाशी असाव्यात.

दिवस चौथा: खानापूर, हेम्माडगा

खानापूरहून हेम्माडग्याचा रस्ता भीमगड अभयारण्याच्या अंगाने जातो. २०११ साली जाहीर झालेलं, १९० चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य. म्हादईचं उगमक्षेत्र याच रानात आहे आणि बारापेडे गुहांत रॉटन या जातीची दुर्मीळ वटवाघळंही इथे आढळतात. आत जायला वनखात्याची परवानगी लागते, आणि अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग पेटवणं किंवा पेटती सोडणं कायद्याने गुन्हा आहे. म्हणून या दिवशीचा सगळा स्वयंपाक सकाळीच, गावात. वाटेत फक्त थर्मासमधला चहा आणि कोरडं खाणं: भडंग, चटणी-भाकरी, थोडा बेळगावी कुंदा. अशा दिवशी स्टोव्ह पाठीवर मुकाट राहतो आणि तेच बरोबर आहे.

सकाळच्या या घाईला एकत्र जोडलेलं भांडं आणि बर्नर, जेटबॉइल फ्लॅशसारखं, कामाचं ठरतं. ३७१ ग्रॅम वजन, तळाला उष्णता पकडणाऱ्या पत्र्याच्या चुण्या, त्यामुळे अर्धा लिटर पाणी दोन मिनिटांच्या आत उकळतं आणि गॅस कमी लागतो. थर्मास भरायला उत्तम. पण दूध घातलेला चहा त्यात करू नये. उंच, अरुंद भांड्यातून दूध क्षणात उतू जातं, चुण्यांत जळून बसतं आणि निघत नाही. चहा-साखर-आलं पाण्यात उकळून घ्यावं आणि दुधाची पावडर कपात मिसळावी. पोहे, खिचडी याच्यावर होत नाही हे आधीच मान्य करावं.

गट सहा-सात जणांचा असेल तर पंपाच्या रॉकेल स्टोव्हचा विचार करायला हरकत नाही. १८९२ साली स्वीडनमध्ये लिंडक्विस्टने केलेला प्राइमस आणि आजचा बाटलीला नळीने जोडणारा स्टोव्ह, दोघांचं तत्त्व एकच: रॉकेल आधी तापलेल्या नळीतून जाऊन वायू व्हायला हवं. म्हणून पेटवण्याआधी बर्नरखालच्या कपात चमचाभर स्पिरिट पेटवायचं, ते जवळजवळ जळून संपत आलं की मगच व्हॉल्व्ह हलकेच उघडायचा. घाई केली तर द्रव रॉकेल वर येतं आणि पिवळे भडके उडतात. बाटली काठोकाठ भरायची नाही, हवेला जागा लागते. वीस-पंचवीस पंप पुरतात. पंप मऊ चालतो पण दाब धरत नाही, तर आतली वाटी सुकलेली असते, तेलाचा थेंब द्यावा. ज्योत एका बाजूला झुकली तर जेटमध्ये, म्हणजे वायू सुटतो त्या बारीक भोकात, घाण. ते साफ करायची पिन जवळ नसेल तर हा स्टोव्ह घेऊच नये. बर्नर, पंप आणि बाटली मिळून सहाशे ग्रॅमच्या आसपास वजन होतं, तेव्हा दोघांना हे ओझं परवडत नाही.

दिवस पाचवा: लोंढा

लोंढ्याला उतरण्यापूर्वी उरलेल्या इंधनाचा हिशेब. डब्यात किती गॅस उरला हे हलवून कळत नाही. बादलीत डबा सोडायचा. तो तरंगतो आणि पाण्याची रेघ जिथे लागते तिथे खूण करायची. नवा भरलेला आणि पूर्ण रिकामा डबा सोडून या दोन खुणा घरीच करून ठेवल्या असतील तर मधला अंदाज चटकन येतो. दोघांना रोजचा चहा, नाश्ता आणि एक शिजवलेलं जेवण धरून पन्नास ग्रॅम गॅस किंवा सव्वाशे मिलिलिटर स्पिरिट लागतं. राजहंसगडासारख्या उघड्या जागी मुक्काम असेल तर त्या दिवसाला दीडपट धरावं.

लोंढ्याहून रेल्वेने परतणाऱ्यांनी इंधन, मग ते पावभर उरलेलं का असेना, गाडीत चढवू नये. रेल्वे कायद्याच्या १६४व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड आहे, आणि गाडीतल्या इतरांच्या जिवाचा प्रश्न आहे. डबे आणि स्पिरिट रस्त्याने जाणाऱ्या खासगी वाहनातून पाठवावं. रिकामे डबे गावाच्या उकिरड्यावर किंवा शेकोटीत टाकायचे नाहीत. त्यांत उरलेला थोडा गॅसही स्फोटाला पुरतो. उघड्यावर बर्नर लावून ज्योत आपोआप विझेपर्यंत जाळायचा, थंड झाल्यावर बेळगावच्या भंगारवाल्याकडे द्यायचा, आणि भोक पाडायचं ते पूर्ण रिकामा झाल्यावर, लोखंडी ठिणगी उडणार नाही अशा पितळी अवजाराने.